‘इसेकाई नोनबिरी नोका’: शेती थोडी, गावगाडा फार

पुनर्जन्मानंतर दुसऱ्या जगात संसार थाटणाऱ्या नायकांची जपानी वेब-कादंबऱ्यांत एवढी गर्दी झाली की ‘शोसेत्सुका नि नारो’ या संकेतस्थळाने २०१६ मध्ये त्यांची क्रमवारीच वेगळी काढली. त्याच वर्षी डिसेंबरात किनोसुके नाइतो यांची ‘इसेकाई नोनबिरी नोका’ (दुसऱ्या जगातला निवांत शेतकरी) तिथे क्रमशः येऊ लागली. २०१७ पासून कादोकावाकडून तिचे छापील खंड निघत आहेत, चित्रं यासुमो यांची. पाठोपाठ यासुयुकी त्सुरुगी यांची मांगा (जपानी चित्रकथा) आली आणि जानेवारी ते मार्च २०२३ मध्ये झीरो-जी या स्टुडिओचा १२ भागांचा अ‍ॅनिमे. ‘मरून नव्याने जगायचं आणि निवांत शेती करायची’ या उपप्रकारात काही सुचवायचं झालं तर हे नाव पहिल्या दोन-तीनांत येतंच. पण निव्वळ शेतीची कादंबरी म्हणून ती हातात घेतली तर पन्नास पानांत चिडचिड होईल. ती गाव वसवण्याची रोजकीर्द आहे. शेती हा त्या वहीतला फक्त जमेचा रकाना.

कथानक दोन ओळींत मावतं. हिराकू माचिओ दीर्घ आजाराने मरतो. देव त्याला निरोगी देह देऊन दुसऱ्या जगात पाठवतो. हिराकूच्या मागण्या साध्या: पुन्हा आजारपण नको, माणसांची वर्दळ नको, शेती करायची आहे. शेतीचं त्याचं ज्ञान म्हणजे पलंगावर पडून टीव्हीवर पाहिलेलं तेवढंच. देव सोबत एक ‘सर्वसमर्थ अवजार’ देतो आणि त्याला एका निबिड अरण्यात सोडतो. त्या अरण्याचं नाव मृत्यूचं अरण्य आहे हे हिराकूला बरंच उशिरा कळतं. मधोमध एक प्रचंड झाड असतं, त्याच्या ढोलीत तो मुक्काम टाकतो आणि पुढे त्या झाडावरूनच गावाचं नाव पडतं.

सगळी मेख या अवजारात आहे. मनात आणाल तसं ते कुदळ होतं, कुऱ्हाड होतं, करवत होतं, भाला होतं. हातात असेपर्यंत थकवा येत नाही. ते हिराकूशिवाय कोणालाच वापरता येत नाही. कुदळ मारली की उभ्या झाडाचीही माती होते, आणि एखादं पीक मनात धरून जमीन खणली की बी न टाकता तेच उगवतं. वाढही झपाट्याची. थोडक्यात, पेरणीपासून काढणीपर्यंतची सगळी जोखीम लेखकाने पहिल्या काही प्रकरणांतच उचलून बाजूला ठेवली.

शेतीतलं कळणाऱ्याला इथेच पहिला ठसका लागतो. नुकतं तोडलेलं जंगल म्हणजे तयार रान नव्हे. लाकडात कर्ब प्रचंड आणि नत्र नगण्य. लाकडाच्या भुशात हे प्रमाण चारशेला एक असंही असू शकतं, तर चांगल्या कंपोस्टला सुरुवातीला पंचवीस ते तीसला एक लागतं. असं लाकूड मातीत मिसळलं की ते कुजवणारे जिवाणू आधी जमिनीतलं नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं, खालची पानं आधी. वर बुंध्यांची आणि मुळांची जाळी, अनेकदा आम्लधर्मी माती, आणि उजेड मिळताच फोफावणारं तण. कादंबरीत यातलं काहीही नाही. तण येत नाही, कीड लागत नाही, मर किंवा करपा नाही, फेरपालटीची चिंता नाही. बियाणं राखून ठेवणं हा शेतकऱ्याच्या वर्षातला सगळ्यात धास्तीचा निर्णय, तो तर कुदळीने मुळातच रद्द केला.

हवामानाचंही तसंच. या अरण्यात हिवाळा कडक आहे, बर्फ पडतं, माणसं घरात बसून राहतात. आणि त्याच जमिनीत ऊस. उसाला पक्व व्हायला दहा ते अठरा महिने लागतात आणि हिमतुषार पडला की शेंडा मरतो, पाठोपाठ साखर उतरायला लागते. तोडल्यावरही तो तसाच पडून राहिला तर सुक्रोजचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होत जातं, म्हणून गाळप जितकं लवकर तितकं बरं. द्राक्षवेल नीट फळ धरायला सहसा तिसरं वर्ष उजाडतं. पुस्तकात हे सगळं ‘कुदळ देवाची आहे’ या एका वाक्यावर निभावून नेलंय. ज्याला नांगरणी-पेरणीतला तपशील वाचायचा आहे त्याने इथेच थांबावं. थोड्या वेळाने खरी शेती सुरू होईल, या आशेवर पुढे रेटू नये; ती होत नाही.

मग वाचायचं कशासाठी? कारण जोखीम काढून घेतल्यावर उरलेली सगळी अक्कल लेखकाने दुसरीकडे लावली आहे, आणि तिथे तो पक्का आहे. कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर, याची त्याची समज खरी आहे. आधी रात्रीचा निवारा. मग विहीर. मग शौचाची जागा, आणि ती राहण्याच्या जागेपासून लांब. मग शेत, शेताभोवती कुंपण आणि खंदक, मग साठवणीची जागा. माणसं वाढल्यावर विहीर पुरत नाही म्हणून नदीवरून पाट आणि तळं. या प्रकारातल्या कितीतरी कादंबऱ्यांत नायक तिसऱ्या प्रकरणात हमामखाना बांधतो आणि सांडपाणी कुठे जातं ते शेवटपर्यंत कळत नाही. इथे अशी बारीकसारीक कामं जागच्या जागी होतात, आणि एखादं राहिलंच तर पुढे अडचण होऊन समोर उभं राहतं.

शेताचं मापही ठरलेलं आहे: ५० मीटर गुणिले ५० मीटरचा एक तुकडा. म्हणजे पाव हेक्टर, साधारण २५ गुंठे. पुस्तक पुढे सगळा विस्तार या तुकड्यांत मोजतं, आणि वाचताना हा आकडा ध्यानात ठेवला तर मजा दुप्पट होते. साधा हिशोब करून पाहा. रासायनिक खताशिवाय गहू हेक्टरी एक ते दीड टन धरला तर एका तुकड्यातून अडीचशे ते पावणेचारशे किलो मिळेल. मुख्यतः धान्यावर जगणाऱ्या प्रौढाला वर्षाला दोनशे ते अडीचशे किलो लागतं. म्हणजे साध्या कुदळीने एका तुकड्यावर जेमतेम एक माणूस आणि पुढच्या वर्षाचं बी. हिराकूचं पीक याच्या कितीतरी पट वेगाने येतं. त्यामुळे गावात नवी टोळी आली की ‘इतक्यांना खायला घालायचं कसं’ हा प्रश्न इथे उभाच राहत नाही. उभे राहतात ते पुढचे प्रश्न: राहतील कुठे, करतील काय, आणि उरलेल्या धान्याचं करायचं काय.

कादंबरी खरी पकड घेते ती या शेवटच्या प्रश्नावर. धान्य उरतं, मग ते टिकवावं लागतं. टिकवायचं म्हणजे वाळवणं, दळणं, गाळणं, आंबवणं. पिकं अवजार देतं, पण मिसो (सोयाबीन आंबवून केलेला घट्ट लगदा) आणि सोया सॉस देत नाही. तिथे हातातली कला लागते, आणि ती गावाबाहेरून आलेल्या माणसांकडून येते. हिराकूला चव माहीत आहे, कृती माहीत नाही. फ्लोरा नावाची व्हँपायर हा आंबवणीचा भाग अंगावर घेते. औषधांच्या अभ्यासातून तिला धीर आणि नोंदी ठेवायची सवय आहे, त्यामुळे ती या कामाला शोभते.

या प्रसंगांची गोडी कळायला खरी कृती डोळ्यांपुढे असलेली बरी. वाफवलेल्या तांदळावर ‘कोजी’ बुरशी सुमारे दोन दिवस वाढवतात, तापमान तिशी-पस्तिशीत राखून. बुरशी वाढताना स्वतःच उष्णता सोडते, म्हणून मधे मधे ढीग मोडून हात फिरवावा लागतो. पारा चाळिशीच्या बराच वर गेला की बुरशी दबते आणि नको ते जिवाणू चढतात, तांदूळ चिकट होऊन उग्र वास मारतो. मग शिजवून ठेचलेलं सोयाबीन, ही कोजी आणि मीठ कालवून घट्ट दाबून भरायचं, आत हवेची पोकळी ठेवायची नाही. मीठ एकूण वजनाच्या दहा ते तेरा टक्के. कमी पडलं की मिसो आंबटतो, जास्त झालं की मुरायला वेळ लागतो. काही महिने ते वर्ष. सोया सॉसला सोयाबीनच्या जोडीला भाजलेला गहू आणि मिठाचं तीव्र पाणी, मुदत सहा महिन्यांपुढे. इथे देवाची कुदळ काही कामाची नाही, वाट बघावीच लागते. शेतीत गाळलेला काळ इथे परत येतो, आणि म्हणून आंबवणीची प्रकरणं नांगरणीच्या प्रकरणांपेक्षा कितीतरी जास्त शेतीची वाटतात.

दारूचंही तसंच. द्राक्षं भरपूर, म्हणून वाइन. आणि दारूचा वास लागताच बुटके म्हणजे ड्वॉर्फ येऊन ठाण मांडतात आणि गाळण्याचं काम स्वतःकडे घेतात. विनोदाची फोडणी आहेच, पण गावाची वाढ अशीच होते: आधी उरलेला माल, मग त्या मालाचा शौकीन, मग तोच शौकीन कारागीर. पुढे व्यापार येतो, अरण्याबाहेरच्या शहरातून मासळी येते, बदल्यात इथला शेतमाल जातो. गावात पैसा चालत नाही, म्हणून हिराकू बक्षिसाच्या चकत्या काढतो आणि त्यावर लोक वस्तू मागून घेतात. कोणी चकत्या साठवतं, कोणी लगेच उडवतं, कोणाला भलतंच काहीतरी हवं असतं. चलन, मागणी, साठेबाजी हे सगळं हसत-खेळत आलंय, कुठेही व्याख्यान नाही.

विनोद कसा चालतो ते एका प्रसंगावरून कळेल. हिराकू एकटाच असताना दोन जखमी ‘कुत्रे’ शेताशी येतात. मादी गाभण आहे. तो रोजच्या शिकारीतलं सुळेवाल्या सशाचं मांस पुढे टाकतो, ते खातात, आणि राहतात. कुत्र्यांच्या डोक्यावर शिंग आहे याची तो नोंद घेतो आणि कामाला लागतो. नराचं नाव कुरो, मादीचं युकी. पिल्लांची नावं कुरोइची, कुरोनी, कुरोसान, कुरोयोन, म्हणजे कुरो एक ते चार. नावं ठेवण्याचा त्याला कंटाळा आहे, हे लेखक एका शब्दाने सांगत नाही. नंतर बाहेरून जो कोणी येतो तो या ‘कुत्र्यां’ना पाहून गारठतो, कारण ते इन्फर्नो वुल्फ म्हणजे भयंकर राक्षसी लांडगे आहेत. गावाचे कपडे शिवणारी ‘झाबुतोन’ नावाची आठपायी कोळी-मादीही अशीच. तो ज्याला रोजची भाजी समजतो तो ससाही बाहेरच्या शिपायांना यमदूत वाटतो. हिराकूच्या तोंडून येणारं वर्णन कायम कोरडं: आज काय केलं, काय जमलं, उद्या काय. भीती सगळी दुसऱ्याच्या डोळ्यांत.

म्हणूनच मधेमधे येणारी ‘अवांतर’ प्रकरणं, जी दुसऱ्या पात्रांच्या नजरेतून लिहिलेली आहेत, ती चुकूनही गाळू नयेत. सैतानराज्याचा मंत्री बीझेल या गावाच्या बातम्या घेऊन दरबारात जातो तेव्हा त्याची होणारी अवस्था म्हणजे सरकारी अहवाल आणि पोटातला गोळा यांचं सुरेख मिश्रण. मूळ धाग्यात जे एका ओळीत उरकलं होतं त्याचं वजन इथे कळतं. घाईत वाचणारे नेमकी हीच प्रकरणं ‘कथा पुढे सरकत नाही’ म्हणून ओलांडतात आणि मग कादंबरी सपक असल्याची तक्रार करतात.

शैलीची सवय करून घ्यावी लागते. वाक्यं तुटक, एका ओळीत एक, परिच्छेद जवळपास नाहीतच. निसर्गवर्णन शून्य. कोणी बोललं की कोण बोललं ते बहुधा सांगितलेलं नसतं. वेबवर मोबाइलवर वाचायला हे सोयीचं आहे, छापील पानावर मात्र विरळ वाटतं. कित्येकदा प्रकरण म्हणजे जवळजवळ यादीच: इतके तुकडे खणले, इतके जण आले, अमुक बांधलं. ज्याला याद्या आवडतात त्याला हे मेजवानीसारखं आहे. ज्याला नाहीत त्याला दुसऱ्या खंडातच जांभया येतील, आणि त्यात त्याची चूक नाही.

आता खटकणाऱ्या गोष्टी. सगळ्यात मोठी म्हणजे बायकांचा गोतावळा. व्हँपायर लू येते, तिच्या मागावर आलेली देवदूत तिया येते, मग हाय एल्फ, मग राक्षसकुळातल्या दासी, आणि गावाची लोकसंख्या वाढवायची जबाबदारी घूमफिरके हिराकूवर. वर्णनं अश्लील नाहीत, पडदा वेळेवर पडतो. पण तोच विनोद फार काळ ताणलाय, आणि त्याच्या नादात स्वतंत्र डोकं असलेल्या बायका ‘कोणाची पाळी’ या यादीत विरघळतात. लू आणि तिया सुरुवातीला तलवारीच्या धारेवर एकमेकींशी बोलतात. संसाराला लागल्यावर दोघींची बोली जवळजवळ एकसारखी होते. फ्लोरा यातून वाचते, कारण तिच्याकडे तिचं काम आहे. शाळकरी मुलांच्या हातात देण्याआधी मोठ्यांनी हा भाग चाळावा.

दुसरी अडचण पात्रसंख्येची. हाय एल्फांची पहिली तुकडी सात जणींची आणि सातही नावं ‘रि’ने सुरू होतात: रिया, रीस, रिली, रीफ आणि अशाच आणखी तिघी. लांडग्यांची पिल्लं वाढतात, त्यांच्या जोड्या लागतात, मग त्यांची पिल्लं. छापील खंडांच्या शेवटी पात्रांची सूची आहे. वेबवर वाचणाऱ्याने स्वतःची ठेवावी, नाव, कुळ आणि गावातलं काम अशा तीन रकान्यांची. कामाचा रकाना सगळ्यात उपयोगी, कारण लेखक पात्राला कामावरूनच पुन्हा बोलावतो. तिसरी अडचण: धोका असा नाहीच. कितीही मोठं संकट आलं तरी अवजाराचा भाला होतो आणि फेकला जातो. ड्रॅगनसुद्धा अखेर पाहुणा होऊन जेवायला बसतो. ज्याला उत्कंठा हवी त्याला इथे काही मिळणार नाही. दिवसभर डोकं पिकल्यावर झोपण्याआधी दोन प्रकरणं, या वापरासाठी मात्र याहून भरवशाचं काही सापडणं कठीण.

कोणती आवृत्ती घ्यावी? फक्त चव बघायची तर अ‍ॅनिमे. गाव उभं राहण्याचा टप्पा १२ भागांत नेटका बसवलाय, रंग आल्हाददायक आहेत. पण हिशोबाचा भाग पातळ झालाय, आणि हिराकूचा एकटेपणाचा काळ इतका भरभर सरतो की कुरो-युकीचं येणं हवं तेवढं लागत नाही. मांगा त्यापेक्षा सरस: शेताचे तुकडे, पाट, घरांची मांडणी डोळ्यांना दिसते आणि ‘रि’ने सुरू होणाऱ्या सात जणी चेहऱ्याने ओळखू येतात. इंग्रजीतली अधिकृत मांगा वन पीस बुक्सने काढली आहे. मजकुराचाच हट्ट असेल आणि जपानी येत असेल तर ‘शोसेत्सुका नि नारो’वरची मूळ आवृत्ती विनामूल्य आहे.

जपानी येत नसताना यंत्राच्या अनुवादावर वाचणाऱ्यांची संख्या मोठी आहे, त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. पहिला घोळ नावांचा. कुरोचं ‘काळा’ होतं, युकीचं ‘बर्फ’, झाबुतोनचं ‘बसायची गादी’. मग ‘गादीने शर्ट शिवला’ असली वाक्यं येतात. उपाय असा: प्रकरणाचा मूळ मजकूर आधी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये घ्या, तिथे ही नावं शोधून त्यांच्या जागी रोमन लिपीतली नावं घाला, आणि मगच अनुवादकाला द्या. बदलाचा क्रम मोठ्या नावाकडून लहानाकडे ठेवा. आधी कुरोइची, कुरोनी वगैरे बदलून घ्या आणि सर्वात शेवटी नुसतं कुरो. उलट केलंत तर पिल्लांची नावं अर्धी तुटतात. लू हे लूलूशीचंच लघुरूप आहे, तेव्हा दोन्हींना एकच नाव द्या, नाहीतर एका बाईच्या दोन होतात.

दुसरा घोळ कर्त्याचा. जपानी वाक्यात कर्ता सर्रास गाळलेला असतो, यंत्र तिथे अंदाजाने ‘तो’ किंवा ‘ती’ ठोकून देतं. निवेदक बहुतेक वेळा हिराकूच असल्याने कर्ता संशयास्पद वाटला की आधी ‘मी’ घालून पाहावं. दहातल्या आठ ठिकाणी वाक्य सरळ होतं. अवांतर प्रकरणांत हा नियम उलटा पडतो, तिथे ‘मी’ म्हणजे दुसराच कोणीतरी. शीर्षक न वाचता प्रकरणात शिरलात तर अर्धं प्रकरण उलगडत नाही. संवाद मात्र यंत्रावर सोपवू नयेत: सलग दहा-बारा अवतरणं असतील तर कोण कोणाला आदराने बोलतंय ते मूळ क्रियापदाच्या शेवटावरून ताडावं लागतं. वाक्याच्या शेवटी ‘देस’ किंवा ‘मास’ हे आदरार्थी शेवट येत असतील तर बोलणारा बहुधा हिराकू नाही.